सोनाआत्याने वार बघितली तो दिवस

परवा धाकट्या नातीने विचारलं, "आजी, लग्नाआधी रुबेलाची लस घेऊ का गं?" मी इतक्या जोरात "घे!" म्हणाले की पोरगी बघतच राहिली. का ओरडले ते तिला नाही सांगितलं... इथे सांगते.

साल पंचाहत्तर-शहात्तर असेल. पिंपरीत कामगारांच्या चाळीत राहायचो आम्ही. शेजारच्या खोलीत नलू, बीडकडची, माझ्याच वयाची. तिचा नवरा आणि आमचे हे एकाच शिफ्टला. आमचं दोघींचं मीठ-साखरेपासून सगळं सामाईक.

माझ्या मोठ्या मुलीला गोवर आला. अगदी बारीक, गुलाबीसर... तीन दिवसांत मावळलासुद्धा. गोवराच्या रूपाने देवी घरी येऊन गेली की दहीभाताचा नैवेद्य दाखवून सवाष्ण जेवू घालायची, ही आमच्या घरची रीत. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी सवाष्ण मिळाली तर फारच चांगलं. नलूला नुकतेच दिवस गेले होते, मीच हौसेने तिला बोलावून आणलं. मुलीच्या अंथरुणाशेजारीच पाट मांडला होता. आग्रह करकरून वाढलं मेलीने... म्हणजे मी.

पंधरा-वीस दिवसांनी नलूने पदर सारून मला गळा दाखवला. "घामोळं आलंय बघ." दोन दिवसांत गेलंही. आम्ही दोघी विसरून गेलो.

बाळंतपण घरीच झालं, भर दुपारी. पिंपळे गुरवची म्हातारी सुईण आली होती, सोनाआत्या. मुलगा झाला. पण अगदी एवढासा, आणि रडणंही कसं क्षीण...

बाळामागून वार पडते ती पुरायची असते. पुरण्याआधी सोनाआत्या ती धुऊन नीट बघायची, तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. त्या दिवशी ती घमेलं घेऊन दाराशी उन्हात बसली आणि बघतच राहिली. बोटाने जागोजागी दाबत होती. मी आधी पाहिलेली वार चांगली भाकरीएवढी, लालभडक होती. ही जेमतेम निम्मी, फिकट, मध्ये मध्ये पांढुरकी.

मान वर न करता तिने मला विचारलं, "पोरी, हिला दुसऱ्या-तिसऱ्या म्हैन्यात अंगावर काय उठलं व्हतं का?"

अगं बाई! म्हणजे ते घामोळं नव्हतंच, आमच्याकडचा गोवर होता! त्या पुरळाचं आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि हिला ते घमेल्यात दिसत होतं! नलू ग्लानीत होती. तिची सासू दाराशी, माझ्या सासूबाई तिच्यामागे. त्यांच्यासमोर म्हणायचं, की आमच्या देवीच्या जेवणाने असं झालं?

मी म्हणाले, "नाही आत्या, काही नाही."

आत्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "असली वार आली की पोराला जपावं लागतं. डोळं-कान बघत ऱ्हावा त्याचं," एवढंच बोलली. मग खड्डा नेहमीपेक्षा खोल खणला.

त्यानंतर मला त्या बाळाची भीती वाटायला लागली. ते काहीच करत नव्हतं, हीच भीती. दुपारी तीनला कंपनीचा भोंगा झाला की चाळीतली सगळी तान्ही पोरं दचकून रडायची. हा पडल्या जागी तसाच, पापणीसुद्धा हलायची नाही. बुबुळाच्या मधोमध दुधाचा थेंब पडावा तसं पांढरं. मी वाकले की ते डोळे माझ्याकडे असायचे आणि बघत कुठेच नसायचे. देवाशप्पथ, त्या खोलीचा उंबरा ओलांडवत नव्हता.

नलूच्या सासूने निकाल लावून टाकला... ग्रहण होतं तेव्हा हिने विळी हातात घेतली, म्हणून पोर असं निपजलं. उठता-बसता तेच. पोरासकट माहेरी धाडायची भाषा सुरू झाली. आणि नलू मान खाली घालून म्हणायची, "घेतली होती गं... दोन वांगी चिरली मी." मला सगळं ठाऊक होतं, तरी महिनाभर तोंड शिवून बसले. असली मी मैत्रीण!

शेवटी राहवेना. एका सकाळी नलूला, बाळाला आणि तिच्या सासूला बसने पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणात काही आजार झाला होता का? नलू सुरू झाली, "ग्रहणात विळी..." मी मध्येच तोंड उघडलं. "पुरळ आलं होतं तिला. माझ्या मुलीला गोवर होता, आणि मीच हिला तिच्याशेजारी जेवायला बसवलं होतं." एका दमात बोलले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा जर्मन गोवर, म्हणजे रुबेला. मुलांना किरकोळ, पण पोटुशीला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर विषाणू तिच्या रक्तातून वारेत शिरतो. तिथून बाळाच्या डोळ्यांत, कानांत, हृदयातसुद्धा. वार खुरटते, बाळही खुरटतं. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही.

आता नलू डोळ्यांचं विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "म्हणजे मी नाही ना केलं?" डॉक्टर म्हणाले, नाही. तिने परत तेच विचारलं. मग भरल्या दवाखान्यात मोठमोठ्याने रडली. सासू खाली बघत होती.

पुढे डोळ्यांची ऑपरेशनं झाली, जाड भिंगांतून त्याला दिसायला लागलं. ऐकू मात्र कधीच आलं नाही.

नलू मला काय बोलली? दवाखान्यातून परतताना बसमध्ये मी तिच्या शेजारी अंग चोरून बसले होते. दापोडीचा पूल गेला आणि तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "धर गं जरा, हात अवघडलाय." डोळे मिटले, ते पिंपरी येईपर्यंत उघडलेच नाहीत. कित्येक दिवसांनी झोपली होती बिचारी.

नलूला जाऊन आता चार वर्षं झाली. त्या दिवशी तिने पोर माझ्याकडे दिलं नसतं, तर मी आरशात तोंड बघू शकले नसते.