सगळ्या भावकीवरचा गुन्हा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आष्ट्याच्या सुभेदारांचे. नाव माहीत नाही; कंडक्टरही त्यांना सुभेदारच म्हणाला. सांगलीच्या एसटीत ते शेजारी शेंगा खात होते, फोलपटं स्वतःच्याच रुमालात ठेवत.

दारूगोळा कारखान्यात माझी निवड झाली होती. मांडीवर पोलीस पडताळणीचा अर्ज होता. त्यात प्रश्न होता: कधी गुन्हा दाखल झाला होता का? यात्रेत पालखीच्या मानावरून मारामारी झाली, तेव्हा फिर्यादीनं माझ्यासकट आमची सगळी भावकीच गुन्ह्यात घातली होती. मी ‘नाही’ लिहू लागलो. त्यांनी रोखून पाहिलं.

“कोर्टानं निर्दोष सोडलंय, आजोबा.”

“मग लपवतोस कशाला रं, शाण्या? केस एकवेळ चालंल, खोटं न्हाई चालायचं. निकालाची नक्कल जोड.”

पुढे ‘सुभेदारसाहेब, आष्टा स्टँड’ एवढ्याच पत्त्यावर मी पत्र टाकलं:

“आजोबा, खरं तेच लिहिलं. चौकशी लांबली, आई घाबरली. आज नेमणूक आली. सैन्यात निघालेला चुलतभाऊही आता अर्जात खरं तेच लिहितोय.”