सह्यांची बॅट

फौजदार म्हणून गिरगावात असताना तपास केलेली ती घटना अजून मनातून जात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. अर्धे ठाणे रोज मोर्चांच्या बंदोबस्तावर असे. अशा धामधुमीत एक नामवंत वकील बॅट चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन आले.

मोठ्या क्रिकेटपटूंच्या सह्या असलेल्या वस्तू जमवण्याचा वकिलांना नाद होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात चेंडू, हातमोजे, टोप्या मांडून ठेवलेल्या. गेलेली बॅट एका थोर फलंदाजाची. तिच्यावर त्यांच्यासह सगळ्या संघाच्या सह्या.

"त्यांनी स्वतः मला दिलेली आहे," वकील म्हणाले.

कुलूप शाबूत होते. संशय घरगड्यावर आला. सकाळभर चौकशी केली, पण "साहेब, चोरी झालेलीच नाय," यापलीकडे तो बोलेना. चोर सहसा "मी केली नाही" म्हणतो. हे उत्तर मला खटकले.

पुढे खबऱ्याने बातमी आणली, की डिलाईल रोडच्या एका चाळीत तशी बॅट दिसली आहे. त्या काळी गिरणगावात खाकी कपडे दिसले की दगड येत. मी साध्या वेषात, एकाच हवालदाराला घेऊन गेलो. तरी गॅलरीतल्या बायका आम्हाला पाहताच दारे लावून आत गेल्या.

खोलीत छातीच्या आजाराने खंगलेला एक गिरणी कामगार खाटेवर पडून होता. बॅट त्याच्या कुशीशी. त्याची बायको पुढे झाली.

"मी हाडलंय," बॅट आणल्याचे तिने सरळ कबूल केले. "चोरूक नाय. माझ्या घोवाची बॅट ती!"

तिचे म्हणणे असे: नवरा गिरणीच्या संघाचा गोलंदाज. बॅट त्या फलंदाजांनी त्यालाच दिली होती. वकिलांनी ती क्लबातल्या प्रदर्शनासाठी म्हणून नेली आणि परत केली नाही. बायको बॅट मागायला गेली की तिला दारातूनच वाटेला लावत. शेवटी तिच्या गावचाच असलेल्या त्या गड्याने कपाट उघडून दिले.

पंचनामा करून बॅट ताब्यात घेणे भाग होते. मुठीवरची त्या माणसाची बोटे सुटायला वेळ लागला.

खरे काय ते सांगू शकणारा एकच माणूस होता. मी त्या फलंदाजांनाच गाठले.

"वकिलांना? छे!" ते म्हणाले. "आमच्या सरावाला गिरणीतला एक गोलंदाज यायचा. त्याने माझा मधला स्टंप उडवला. मी सगळ्यांना सह्या करायला लावल्या आणि बॅट त्याला देऊन टाकली. कुठे असतो हल्ली?"

मी सांगितले. त्यांचा जबाब समोर ठेवल्यावर वकिलांचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं कपाटात होती, की माझीच वाटायला लागली होती."

आपल्या हक्काची वस्तू नेली तर ती चोरी होत नाही. मी तसा अहवाल पाठवला. कोर्टाच्या हुकमाने बॅट सुटली, ती पोहोचवायला निघालो तेव्हा फलंदाजही सोबत आले.

त्यांना पाहून खाटेवरच्या माणसाने हात जोडले. "साहेब, एक सांगायचं राहून गेलं. त्या चेंडूला माझा पाय रेषेच्या पुढे होता. नो-बॉल होता तो."

"मला तेव्हाच दिसलं होतं," ते हसले आणि खाटेच्या कडेला बसले. "पण तो मला खेळता आला नसता, हेही खरं."

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. वस्तू कोणाची, हे मी आधी विचारत नसे. सगळेच ठामपणे 'माझी' म्हणतात. तुमच्या हाती ती कशी आली, एवढे विचारून मी गप्प बसे. खरा मालक तो दिवस इतक्या बारकाईने सांगत सुटतो, की त्याला थांबवावे लागते.