सव्वा मूठ गहू

मी आज जो काही बरा आहे, तो शेवंताअक्कांमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्याही नाहीत. पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या या आजी मला आयुष्यात एकदाच भेटल्या, धुळ्याच्या एका दवाखान्यात, आणि तिथेही त्या चुकून बसलेल्या होत्या. त्यांना डोळे दाखवायचे होते. डोळ्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर. गुडघे दुखले म्हणून जिना अर्धवट सोडून त्या खाली पोटाच्या डॉक्टरांच्या बाकावर येऊन टेकल्या होत्या.

मी दोंडाईच्याचा. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, बी.एस्सी. झालेला. नरडाण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दोन वर्षं मला पित्ताचा त्रास होता. छातीत जळायचं, आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायचं. हृदयाची तपासणी झाली, तोंडातून नळी घालून झाली. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली मी विटा ठेवल्या. शेवभाजी सुटली, ठेचा सुटला, चहा सुटला. मग लग्नांची जेवणं सुटली, आणि त्यांच्याबरोबर माणसंही सुटत गेली.

जळजळ गोळ्यांनी निम्म्यावर आली होती, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं, कारण जे जे बिघडलं ते मी पोटावर ढकलत होतो. पहाटे तीनला जाग यायची, तर पित्त. कामावर एकच चलन चारदा वाचावं लागायचं, तर गोळ्यांची गुंगी. मुलगी शाळेतलं चित्र दाखवायला यायची आणि मला त्या कागदाकडे बघायचाही कंटाळा यायचा, तर अशक्तपणा. मी शिकलेला माणूस. रिपोर्ट वाचता येतात याचा मला अभिमान होता. रिपोर्टात मनाचं काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, ‘‘जळजळ कशी आहे?’’ मी म्हणायचो, ‘‘थोडी आहे.’’ एवढंच आमचं बोलणं. आपण नसलो तरी या घराचं फारसं काही अडणार नाही, असा विचार हळूहळू मला अगदी साधा, हिशेबी वाटू लागला होता. तो मी कोणाला सांगितला नाही. त्याला औषध असतं हेच मला माहीत नव्हतं.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई बसते; नारळाला नथ घालून देवी मांडतात. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. लहान बाळाचीही मूठ पडते, परगावी नोकरीला असलेल्याचीही पडते. आबा, म्हणजे माझे वडील, परात घेऊन बसले होते. मी म्हणालो, ‘‘आबा, माझी मूठ टाकू नका. मला रोट पचत नाही, उगाच वाया जाईल.’’ आबांचा हात थांबला. माझ्या बायकोने, मनीषाने, माझ्याकडे पाहिलं. पण दोन वर्षं माझ्या पोटाला सगळेच इतके सांभाळत होते, की आबा नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले आणि चारऐवजी तीनच मुठी टाकल्या. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. एक काम कमी झालं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, धुळ्याला माझी तारीख होती. बाकावर शेजारी नऊवारीतल्या आजी. लेक वर नंबर लावायला गेलेली. स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नसावं.

‘‘रोटना गहू मोज्यात का रे भाऊ?’’

‘‘मोजले, अक्का.’’

‘‘कितला गडी शेतस घरमा?’’

‘‘चार. पण मुठी तीन टाकल्या.’’

त्यांनी पदर मागे सारला. मोतीबिंदूचे डोळे बारीक करून माझ्या तोंडाजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘कोन गया रे भाऊ घरमाईन?’’

घरातून कोण गेलं, असा त्यांचा सरळ प्रश्न. मी म्हणालो, ‘‘कोणी नाही. माझीच नको म्हणालो. मला पचत नाही.’’

‘‘आरे येडा, मूठ काय पोटनी ऱ्हास का? मूठ माणूसनी ऱ्हास. जित्ता माणूसनी मूठ कोन काढस?’’

जिवंत माणसाची मूठ कोण काढतं! मी बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. भर दवाखान्यात, बायाबापड्यांसमोर. दोन वर्षांत मला रडू आलं नव्हतं. अक्का गडबडल्या नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘रड. रडीसन पित्त वाढत नही.’’

मग त्यांनी आपल्या मालकांचं सांगितलं. त्यांनाही पित्तच होतं. घरातले सगळे त्यांच्या पोटाकडे बघत राहिले, आणि ते घरात असून नसल्यासारखे झाले. फार उशिरा कोणीतरी मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. पुढे सहा-सात महिन्यांनी ते ओट्यावर बसून पूर्वीसारखं बोलू लागले. अक्का हसून म्हणाल्या, ‘‘पुन्हा मले शिव्या देवाले लागनात, तवय मी कानबाईले नारळ फोडं!’’

माझा नंबर आला. मी उठलो, तर अक्काही उठल्या. दारावरची बाई म्हणाली, ‘‘आजी, तुमचा केस पेपर?’’

‘‘मीच याना पेपर शे,’’ असं म्हणून त्या माझ्याआधी आत शिरल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, ‘‘साहेब, आज पोट ऱ्हाऊ द्या. याले झोप लागस का, पोरना संगे हासस का, ते इचारा.’’

डॉक्टरांनी माझी फाईल मिटली. मग एकेक विचारत गेले, आणि मी पहिल्यांदाच खरं सांगत गेलो. तो हिशेबी विचारही सांगितला. ते म्हणाले, ‘‘पित्ताच्या बऱ्याच पेशंटचं मनही असं खचतं. दोन्ही एकमेकांना वाढवतात. मी हे आधीच विचारायला हवं होतं.’’ त्यांनी जळगावच्या एका मानसोपचार डॉक्टरांना चिठ्ठी दिली, मनीषाशी फोनवर स्वतः बोलले, आणि तिला सोबत घेऊनच जायला सांगितलं. धुळ्यातही असे डॉक्टर होते. पण कोणी ओळखीचं बघेल म्हणून जळगाव मीच मागितलं. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

बाहेर आलो तोवर अक्कांची लेक त्यांना शोधत खाली आली होती आणि रागावत होती, ‘‘आई, वर नंबर गेला ना!’’ अक्कांचा नंबर माझ्यापायी गेला होता. त्या म्हणाल्या, ‘‘डोळा कोठे पळी जातस का?’’ मी लेकीकडून त्यांचा पत्ता लिहून घेतला.

जिन्यापाशी उभं राहून मनीषाला पुन्हा फोन लावला. ‘‘रोटाचं दळण झालं का?’’

‘‘नाही हो. सकाळपासून लाईट नाही, गिरणी बंद आहे. परात तशीच देवापुढे ठेवलीय.’’

‘‘आबांना सांग, माझी मूठ टाकायची आहे. मी येतोय.’’

 ती फक्त ‘‘या’’ म्हणाली.

श्रावणात आमच्याकडे लाईट जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आजींचे गुडघे दुखणंही नाही. त्या दोन गोष्टी त्याच दिवशी का घडल्या, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी घरी पोचलो, पाय धुतले, आणि आबांनी माझ्यासमोर सव्वा मूठ गहू परातीत सोडले. थोड्या वेळाने लाईट आली. रविवारी कानबाईपुढे मी काहीच मागितलं नाही, मागायचं सुचलंच नाही. इतकंच मनात आलं, की आजवर मीच माझी तपासणी करत आलो आणि मीच निकाल देत आलो. आता तू मोज. तू मला मोजलंस, तर मी आहे.

त्यानंतर मी एकदम बरा झालो नाही. जळगावला रेल्वेने खूप फेऱ्या झाल्या, गोळ्या बदलल्या, काही दिवस फार वाईटही गेले. पण आता झोप लागते. पित्ताची गोळी चालू आहे, मनाचीही चालू आहे, आणि दोन्हींची लाज नाही. अक्कांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून यंदा कानबाईनंतर मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

ती. शेवंताअक्कांना सा. न.

लेकीकडून हे पत्र वाचून घ्या. मी धुळ्याच्या दवाखान्यात तुमच्या शेजारी रडलो होतो, तो दोंडाईच्याचा. तुमचा नंबर माझ्यामुळे गेला होता. डोळ्यांचं ऑपरेशन नंतर नीट झालं ना, ते कळवा.

मी बरा आहे. मुलीची चित्रं बघतो. परवा तिने कानबाई काढली, नथ नारळापेक्षा मोठी झाली. मी इतका हसलो, की मनीषा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, काय झालं.

तुमचे मालक शिव्या देऊ लागले तेव्हा तुम्ही नारळ फोडलात. मला शिव्या जमत नाहीत, पण परवा मी आबांशी चांगलाच भांडलो. ते रागावायचे सोडून आत जाऊन देवीला हात जोडून आले.

यंदा रोटाचा एक तुकडा खाल्ला. थोडं जळलं, मग शांत झालं. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, नाहीतर तुम्हाला पहिला पाठवला असता. म्हणून नुसतं कळवतो. आमच्या घरी यंदा चारही मुठी पडल्या. माझी मीच टाकली.