परशराम अण्णांचा रिकामा प्रोग्राम

अंदाजानं उत्तर दिलं की परशराम अण्णा लोखंडी फूटपट्टी टेबलावर आपटायचे. एकदा ती माझ्या बोटांवर बसली, नख काळं पडलं. "दुखलं व्हय? आता ध्यानात ऱ्हाईल," म्हणाले, आणि स्वतःच बर्फ आणायला गेले.

बेळगावातल्या एका कारखान्यात आम्ही पत्रा दाबणाऱ्या प्रेससाठी संगणकाचे प्रोग्राम लिहायचो. अण्णा प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. ते वडगावच्या विणकर घरातले. लहानपणी मागाचा धोटा उडून वडिलांचा डोळा फुटताना त्यांनी पाहिला होता. माग नीट लावलाय, असं कुणीतरी न बघताच सांगितलं होतं. तेव्हापासून नुसत्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आमच्या कामात एक बारीक भानगड होती. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलला .exe असं शेपूट लागतं, लिनक्सवरच्या फाइलला लागत नाही. प्रोग्राम बांधून प्रेसवर पोचवणाऱ्या स्क्रिप्टला हे आधी कळावं लागतं. अण्णांची रीत ठरलेली. आधी काहीच न करणारा रिकामा प्रोग्राम बांधायचा, कुठल्या नावाची फाइल निघते ते पाहायचं आणि तेच शेपूट धरायचं. "मशीनला नाव विचारू नगं रं. त्येच्या पोटातनं काय भाईर पडतंय त्ये बघ."

मला हे वेळखाऊ वाटे. ऑफिसात प्रोग्राम बांधायला लिनक्सचं नवं मशीन आलं तेव्हा मी परस्पर स्क्रिप्ट बदलली: मशीन लिनक्स, म्हणजे शेपूट नाही. पण प्रेसवरचा संगणक विंडोजचा होता. त्याच्यासाठी बांधलेली फाइल .exe लागूनच निघाली. स्क्रिप्टनं बिनशेपटाची फाइल शोधली, ती सापडली नाही, आणि काहीही न पोचवता पडद्यावर 'काम पूर्ण' असं लिहिलं. मी माझ्या कामांच्या यादीत सातव्या ओळीवर, 'प्रोग्राम बसवणे'वर, खूण केली. माझ्या याद्यांचा मला अभिमान होता.

त्या प्रोग्राममध्ये एकच दुरुस्ती होती: हात आत असेल तर प्रेस थांबावी.

प्रेसवर जांबोटीकडचा कल्लाप्पा होता. "नवा प्रोग्राम बसला न्हवं?" त्यानं विचारलं.

"बसला," मी म्हणालो.

अडकलेला पत्रा काढायला त्यानं उजवा हात घातला. प्रेस थांबली नाही. हाडं चुरल्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला. अण्णांनी धावत येऊन लाल बटण दाबलं, स्वतःचा शर्ट फाडून त्याचं मनगट आवळलं. रक्त त्यांच्या कोपरावरून गळत होतं. तीन बोटं पत्र्यालाच चिकटून राहिली.

कल्लाप्पाला दवाखान्यात नेल्यावर अण्णांनी माझी स्क्रिप्ट उघडून वाचली. तेवढ्यात कल्लाप्पाचा भाऊ पहार घेऊन आत घुसला. "कुणी बसवला त्यो प्रोग्राम?"

मी तोंड उघडण्याआधी अण्णा पुढे झाले. "मी."

पहार जबड्यावर बसली. दुसरा घाव खांद्यावर. ते पडल्यावर त्यानं पोटात लाथा घातल्या. लोकांनी त्याला ओढून काढेपर्यंत मी भिंतीला चिकटून उभा होतो. पायाशी अण्णांचे दोन दात पडले होते.

दवाखान्यात त्यांचा जबडा तारांनी बांधला होता. त्यांनी कागदावर लिहिलं, "तू काडीपैलवान. मेला असतास." खाली आणखी एक ओळ: "स्क्रिप्ट दुरुस्त केलीस?"

केली होती. पण खरं कुणाला सांगितलं नाही. पुढं चार वर्षं अण्णा वाकड्या तोंडानं बोलत राहिले, आणि कल्लाप्पाचा हात त्यांनीच घालवला असं सगळे म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. बाराव्याला कारखान्यातली माणसं वडगावला आली. कल्लाप्पा उंबऱ्याबाहेरच थांबला. "मी आत येत न्हाय. माझा हात खाल्ला त्यानं."

"अण्णांनी न्हाय," मी म्हणालो. "स्क्रिप्ट माझी हुती. न बघता 'बसला' म्हणून तुला सांगितलं, त्ये बी मीच."

कल्लाप्पानं त्याच हातानं माझ्या तोंडात मारली. दोन बोटं आणि तळवा. माझा ओठ फुटला, कान वाजत राहिला.

त्यानं चपला काढल्या, आत गेला आणि अण्णांच्या फोटोपुढं हात जोडले, जेवढे जुळत होते तेवढे.