आधी दूध तापू द्या

गेल्या मंगळवारी एक खवाविक्रेता धाराशिवच्या आमच्या शेजारच्या स्टुडिओत जाहिरातीचं काम रद्द करायला आला. स्टुडिओवाला हलत्या चित्रांच्या जाहिराती बनवतो. आधी एकेक दृश्य वेगळ्या कागदावर काढतो, मगच कॉम्प्युटर सुरू करतो. गिऱ्हाईक चिडलं की तो पेन्सिल तासत बसतो.

"माझं नाव पहिलं पाहिजे. न्हायतर राहू द्या."

"तुम्हीच लावा की, मालक." त्यानं कागद पुढं सरकवले.

विक्रेत्यानं नाव आधी ठेवलं. मग म्हैस, चूल, कढई. सोबत आलेली बायको हसली. "अवो, दूध तापायच्या आधीच खवा विकायलात का?"

विक्रेत्यानं नावाचा कागद उचलून शेवटी ठेवला. स्टुडिओवाल्यानं पेन्सिल खाली ठेवून कॉम्प्युटर सुरू केला.