भागीबाईंचं पान

हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

शहापुरात आमच्या वाचनालयात एक जुनी रीत होती. नवी कादंबरी आली की वाचणाऱ्याने शेवटच्या कोऱ्या पानावर मत लिहायचं, खाली सही. मतं कसली — बहुतेक शिव्याच. ‘नायिकेला बापाने वेळीच चोपलं असतं तर आमचा रविवार फुकट गेला नसता.’ ‘लेखकाने जन्मात भात लावलेला दिसत नाही.’

गेल्या वर्षी त्या पानांचं प्रदर्शन ठरलं. निवड माझ्याकडे आली. मी इंग्रजी माध्यमाची, जुनं हस्ताक्षर वाचताना अडखळते. पण एक पान चटकन वाचलं. कादंबरी मजुरांच्या वाडीवरची. भागीबाई तेव्हा वाचनालय झाडायच्या. त्यांनी लिहिलं होतं : ‘आमी इतकं रडत नाय. आमाला रागपण येतो. तो यानं लिवलाच नाय.’

त्याखाली, शाईने : ‘झाडणारीने झाडावं. पुस्तक विटाळू नये.’

सही माझ्या आजोबांची. वाचनालयातल्या मोठ्या कपाटावर ज्यांचं नाव आहे, त्यांची.

काय करायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं का? — कळत होतं. मी पट्टी ठेवली आणि पान फाडलं. सावकाश, आवाज होऊ नये म्हणून.

प्रदर्शनाला भागीबाई नातसुनेला घेऊन खर्डीहून आल्या.

“माझं पान दाव गो बाय. मी बुकात लिवलंय, हिला खरं वाटत नाय.”

“वाळवीने खाल्लं, मावशी.”

नातसून फिसकन हसली. “आजे, तू पण ना!”

भागीबाईंनी भिंतीवरच्या पानांवरून नजर फिरवली. “बाकीची सगली शाबूत, नि वाळवीला माझंच गोड लागलं गो?”

भिंतीवर आजोबांचं दुसऱ्या कादंबरीवरचं सभ्य मत होतं — मीच फ्रेम करून लावलेलं. त्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. अक्षर ओळखलं असेल का? ओळखलंच असणार. मग नातसुनेला म्हणाल्या, “चल, गाडी जाईल.”

ते पान माझ्याच कपाटात आहे, शाळेतल्या शब्दकोशात. भागीबाईंचं मत वर, आजोबांचं खाली. पट्टी मधे आडवी ठेवून नुसतं खालचं फाडता आलं असतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण अर्धं पान दिसलं असतं तर चार जणांनी विचारलं असतं. पूर्ण पानाबद्दल भागीबाईंशिवाय कुणी विचारणार नव्हतं.