हुडकीचं बारसं

शामसुंदर चांदवडकरांनी आपल्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी सिन्नरमध्ये नेमकं काय घडलं हे आता कोणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. कारण ती हकिगत आजवर फक्त शामसुंदरराव सांगत आले आहेत, आणि त्यांच्या तोंडी ती दर लग्नसराईत थोडी वाढते. सध्याची आवृत्ती अशी आहे: मुलगी बघायला चांदवडकरांची अकरा माणसं नाशिकहून एका जीपमधून निघाली. जीपमध्ये दोन कोंबड्या आणि ड्रायव्हरचा मेव्हणा आधीपासूनच बसलेले. मोहदरीच्या घाटात जीपनं तीनदा मान टाकली. सिन्नरला उतरल्यावर उघडकीला आलं, की गर्ग्यांचा पत्ता ज्या कागदावर लिहिला होता, तोच कागद हाताशी धरून मामांनी रेडिएटरचं तापलेलं झाकण उघडलं होतं आणि पत्ता वाफेत विरघळला होता. अकरा माणसं चौकात उभी आणि अकरा बोटं अकरा दिशांना. इतक्यात कमरेवर दळणाचा डबा घेतलेली एक मुलगी गिरणीकडून आली आणि थांबली.

‘कुणाकडे जायचंय?’

‘गर्ग्यांकडे,’ मामा म्हणाले. ‘मुलगी बघायला.’

मुलीनं अकरा जणांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाली, ‘चला.’

पुढे ती, तिच्या मागे चांदवडकर. वाटेत तिनं दोन म्हशी बाजूला केल्या, मागे येणारी एसटी नुसता हात दाखवून उभी केली, आणि समोरून येणाऱ्या एका वरातीला दुसऱ्या गल्लीत वळवलं. तिच्या डब्यात सुरुवातीच्या आवृत्त्यांत पाच किलो पीठ होतं, आता ते पंचवीसवर गेलं आहे. गर्ग्यांच्या दारात पोचल्यावर तिनं डबा खाली ठेवला, ‘हेच घर’ म्हणाली आणि आत गेली. पाव तासानं पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली ती तीच.

‘मी त्याच क्षणी ठरवलं,’ शामसुंदरराव इथे आवाज खाली आणतात. ‘आयुष्यात आपण हरवणार नाही.’

मुलीचं नाव होतं बकुळा. मुलगी चांदवडकरांना एकमुखानं पसंत पडली आणि नाव एकमुखानं नापसंत. नावात वाईट काही नव्हतं. अडचण अशी, की पंचवटीतल्या चांदवडकरांच्या घरात एक बकुळा आधीपासून होती. शामसुंदररावांची आत्या. बकुळाआत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली आणि तेव्हापासून त्या घरात दूधही तिला विचारून उतू जात असे. शामसुंदररावांचे वडील तिला घाबरत, आई तिला घाबरे, गल्लीतला टपालवाला तिचं पत्र आलं की आधी चपला काढी. आता सुनेचं नाव बकुळा असलं तर सासूनं सुनेवर ओरडायचं कसं? ‘बकुळा, भांडी तशीच ठेवलीस का गं’ असं म्हणायची त्या घरात कोणाची छाती होती?

म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा आईनं कानात सांगितलेलं नाव शामसुंदररावांनी लिहिलं: सुमेधा. बायकांनी हौसेनं ताट फिरवलं, सगळ्यांनी वाचलं, छान छान म्हटलं. नवऱ्या मुलीनंही वाचलं. तिला ते आवडलं की नाही हे कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे शामसुंदररावांना ठाऊकही नव्हतं. ते वाईट नव्हते. त्या वेळचे होते.

सुमेधाबाईंनी संसार केला तो सिन्नरच्या चौकातल्यासारखाच, पुढे चालून. शामसुंदरराव पाटबंधारे खात्यात फायली सरकवत राहिले. घर, नातीगोती, मुलीचं शिक्षण, सासूचं दुखणं यांचे रस्ते सुमेधाबाई दाखवत राहिल्या. बकुळाआत्यांचं शेवटचं आजारपणही त्यांनीच काढलं. मुलगी स्वानंदी नोकरीला बंगळुरूला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा सुमेधाबाईंनीही पन्नाशीत नोकरी धरली.

नोकरी ऐकायला विचित्र होती. पुण्यातल्या एका कंपनीचं पंचांगाचं अ‍ॅप घरोघरी होतं. चतुर्थी कधी आणि चंद्रोदय किती वाजता हे बघायला लोक ते उघडत. त्याच कंपनीनं मराठी माणसासाठी एक सर्च इंजिनही काढलं होतं. त्याचं नाव हुडकी. पंचांग जितकं चाले तितकी हुडकी पडून असे. तरी कंपनीनं नेटानं नाशिकला कॉलेज रोडवर एक ऑफिस थाटलं, आणि तिथे काही बायका दिवसभर बसून लोकांनी हुडकीला काय विचारलं आणि हुडकीनं काय उत्तर दिलं हे ताडून पाहत. उत्तर बरोबर वाटलं तर बरोबर म्हणायचं, नाहीतर योग्य वाट दाखवायची. चौकात उभं राहून जे फुकट केलं होतं, त्याचा आता पगार मिळत होता.

शामसुंदरराव हुडकीचे एकनिष्ठ गिऱ्हाईक होते. खरं तर नाशिक शहरात त्यांच्याइतकं निष्ठावान दुसरं कोणी नसावं. एकदा त्यांनी साबुदाणा किती वेळ भिजवायचा असं विचारलं, तर हुडकीनं त्यांना साबुदाण्याच्या कारखान्याला लागणारे परवाने सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. ‘माहिती भरपूर देते,’ असं ते बागेतल्या मित्रांना सांगत. मित्र मोबाइलवर सगळं जग जिथे शोधतं तिथेच शोधत.

सुमेधाबाईंना बकुळा म्हणणारा एकच माणूस उरला होता. सिन्नरचा थोरला भाऊ, रवीदादा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येई. पलीकडून ‘बकू’ अशी हाक शामसुंदररावांना पेपराआडूनसुद्धा ऐकू जायची, कारण रवीदादा फोनवर विश्वास न ठेवता थेट सिन्नरहून नाशिकपर्यंत ओरडत असे. गेल्या थंडीत रवीदादा झोपेतच गेला. सुमेधाबाई जाऊन आल्या, कामाला लागल्या. रविवारी सकाळी त्या फोन ओट्यावर ठेवून कणीक मळत, आणि कणीक मळून झाल्यावर फोन उचलून आत नेऊन ठेवत. शामसुंदररावांनी हे पाहिलं होतं.

उन्हाळ्यात कंपनीनं ठरवलं, की हुडकी चालत नाही ती नावामुळे. नाव गावंढळ वाटतं. नवीन नाव आलं: ओरा. त्याचा अर्थ काय, हे ऑफिसात कोणाला सांगता आलं नाही. मॅनेजर निकिताच्या म्हणण्याप्रमाणे अर्थ नसणं हीच त्यातली ताकद होती.

त्या दिवशी जेवताना सुमेधाबाईंनी हे सांगितलं. इंजिन तेच राहणार होतं, चुका त्याच राहणार होत्या, फक्त पाटी बदलणार होती.

‘मग बिघडलं काय?’ शामसुंदररावांनी भात कालवत विचारलं. ‘आत तीच आहे ना?’

सुमेधाबाईंनी ताकाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं आणि मग म्हणाल्या, ‘रवीदादा गेल्यापासून मला कोणी हाक मारलेली नाही.’

‘अगं, मी दिवसभर हाका मारतो. शेजारी तक्रार करतात.’

‘त्या सुमेधाला.’

शामसुंदररावांचा घास हातात राहिला.

‘एकदा म्हणा ना,’ त्या म्हणाल्या. ‘बकुळा म्हणा. मी मेल्यावर कोण म्हणणार, निदान जिवंतपणी तरी.’

आता, नवऱ्यानं बायकोला तिच्या नावानं हाक मारणं यात अवघड ते काय? पण शामसुंदररावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे लाल आलवणातली आत्या उभी राहिली, हातात उलथनं घेतलेली. त्यांनी पोटापासून जोर लावला. ‘ब’ आला. मग खोकला आला. सुमेधाबाईंनी पाणी दिलं आणि ताटं उचलली.

नवीन नावाचा समारंभ नाशिकच्याच ऑफिसनं करायचा असं पुण्याहून ठरलं, आणि निकिताला कल्पना सुचली: आपण बारसंच करू. गंगापूर रोडवर हॉल घेतला. पाळणा आणला, झेंडूच्या माळा लावल्या, घुगऱ्या केल्या. पाळण्यात दुपट्यावर लॅपटॉप ठेवला. आत्या त्याच्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगणार, लॅपटॉप ते ऐकणार, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर ओरा हे नाव उजळणार. आता आत्या कोण? ऑफिसात वयानं सगळ्यांत मोठ्या सुमेधाबाई. त्यांनी नको म्हणून पाहिलं. निकिता म्हणाली, ‘मॅडम, तुम्हीच हुडकीला वाढवलंय.’

घरच्यांनाही आमंत्रण होतं. शामसुंदरराव ठेवणीतला सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले. पुण्याहून आलेले साहेब पहिल्या रांगेत. बायका पाळण्याभोवती जमल्या. सुमेधाबाई नऊवारी नेसल्या होत्या. त्या वाकल्या, आणि रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घालायला सुरुवात केली. ऑफिसातली आफिया असल्या बारशात पहिल्यांदाच. तिला बुक्क्यांचा प्रकार इतका आवडला, की तिनं दोन्ही हात लावले. हसण्याचा नुसता कल्लोळ. ‘कुर्रर्र’ झालं, आणि त्या गदारोळात सुमेधाबाईंच्या तोंडून नाव बाहेर पडलं.

बकुळा.

ते ठरवून नव्हतं. पुढे त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि ज्यांनी बारशात आत्यापण केलं आहे त्यांना ते पटेल. पाठीत बुक्के बसायला लागले की माणसाच्या आत सगळ्यांत खोल जे असतं ते वर येतं. माइक चालू होता. लॅपटॉपनं इमानानं ऐकलं, आणि ओरानं जन्मल्याबरोबर पहिलं काम केलं. ते बकुळा शोधायला लागलं. मोठ्या पडद्यावर एक झाड आलं, मग फुलं, मग केसांना लावायच्या तेलाची जाहिरात. खाली ओळ आली, की अधिक काही सापडलं नाही.

सगळा हॉल हसला. निकितानं प्रसंग सावरायला माइक घेतला.

‘ही बकुळा कोण, मॅडम?’

सुमेधाबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळा हॉल तिसऱ्या रांगेकडे वळला.

‘सर, तुम्ही सांगा,’ निकिता म्हणाली आणि माइक धावत शामसुंदररावांच्या तोंडाशी आला.

शामसुंदरराव उभे राहिले. सांगायचं फक्त एवढंच होतं, की ही, ही समोर उभी आहे ती. सगळं नाशिक ऐकायला बसलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखे ताठ होऊन म्हणाले,

‘माझी आत्या.’

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं बारशात आत्याचं नाव घेतलं हा विनोद त्यांना फार मराठी वाटला. सुमेधाबाईही हसल्या. पुन्हा वाकल्या, ओरा म्हणाल्या, पडदा उजळला. घुगऱ्या वाटल्या गेल्या.

रिक्षातून परतताना जेहान सर्कलपाशी सिग्नल लागला तेव्हा शामसुंदरराव म्हणाले, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं.’

‘माहीत आहे,’ सुमेधाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतली घुगऱ्यांची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. ‘खा. गार होतील.’

त्यानंतर शामसुंदररावांनी जे केलं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. ते बागेत सकाळी एकटे लांबच्या बाकावर बसून नाव म्हणू लागले. नळ सोडून न्हाणीघरात म्हणू लागले. गोदाकाठी फिरायला गेले की पुलावर रहदारीच्या आवाजात म्हणून पाहत. आधी आत्या दिसायची. मग उलथनं गेलं. मग आत्या पाठमोरी झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसाठी इतकी मेहनत दुसऱ्या कशावर घेतली नव्हती, याची त्यांना बाकावर बसल्या बसल्या लाज वाटली.

सुमेधाबाईंनी इकडे राजपत्रात नाव बदलायचा अर्ज केला. नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

एका रविवारी सकाळी त्या कणीक मळत होत्या. फोन ओट्यावर होता. शामसुंदरराव स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले,

‘बकुळा.’

स्पष्ट म्हणाले. खोकला आला नाही. बाईंचे हात कणकेत थांबले. त्या वळल्या, आणि त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की शामसुंदररावांनी तो कधी पाहिला नव्हता. मग त्यांची नजर खाली गेली. शामसुंदरराव दाराबाहेर उभे होते. घरातल्या चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या होत्या, हात जोडल्यासारखे पोटाशी धरले होते आणि मान खाली होती. आत्याच्या खोलीत जाताना लहानपणी उभे राहत तसे. त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं.

बोटांना लागलेली कणीक त्यांनी परातीच्या कडेला निपटली.

‘राहू दे हो,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘तुमच्या तोंडी ते नाव तिचंच आहे. तिनंच नेलं.’

‘मी अजून प्रयत्न करतो.’

‘नको. मला घाबरलेलं बघवत नाही तुम्हाला.’

त्या पुन्हा कणकेकडे वळल्या. शामसुंदररावांनी चपला उचलल्या, पायात न घालता हातातच धरल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली भाजीवाला ओरडत होता. त्यांनी मेथी घेतली. लागत नव्हती तरी घेतली.

नाव बदलल्यामुळे ओरा कोणी जास्त वापरलं नाही. पुढच्या वर्षी कंपनीनं ते बंद केलं आणि कॉलेज रोडचं ऑफिस पंचांगाकडे दिलं. सुमेधाबाईंचं नाव राजपत्रात आलं. बँकेत आणि आधार कार्डावर त्या आता बकुळा आहेत. शामसुंदरराव त्यांना ‘अगं’ म्हणतात.